बौद्धिक संपदा हक्क आणि प्रभुत्वाचा गैरवापर

अम्लपित्ताच्या चिकित्सेसाठी येणाऱ्या अनेक रुग्णांनी ओमेप्राझोल पूर्वी घेतलेले असते. आज ते अनेक कंपन्या बनवितात. परंतु युरोपात त्याच्या पेटंटची मुदत सरत आली असता मूळ उत्पादकाने जे केले, त्यावरील दावा प्रत्येक औषधनिर्मात्याने अभ्यासावा असा आहे.

पेटंट हा संशोधकास ठरावीक मुदतीपुरता मिळणारा अनन्य अधिकार होय. मुदत संपताच ते ज्ञान सर्वांस खुले व्हावे, हे त्याचे मूळ तत्त्व. स्पर्धा कायदा असा हक्क असण्यास दोष देत नाही. बाजारात प्रभुत्व असणाऱ्याने त्या हक्काच्या आडून इतरांची वाट गैरमार्गाने रोखली काय, एवढेच तो पाहतो.

ॲस्ट्राझेनेका ही कंपनी हे औषध ‘लोसेक’ नावाने विकत असे. युरोपीय आयोगाने २००५ मध्ये तिला ६ कोटी युरो दंड केला. कृत्ये दोन होती. पहिले, औषधविक्रीची पहिली परवानगी केव्हा मिळाली याविषयी पेटंट कार्यालयांना दिशाभूल करणारी माहिती देऊन वाढीव संरक्षण मागणे. दुसरे, डेन्मार्क, नॉर्वे व स्वीडन येथे कॅप्सूलची नोंदणी स्वतःच रद्द करवून गोळ्या बाजारात आणणे. मूळ नोंदणी नसल्यास स्वस्त जेनेरिक औषधांना सुलभ पद्धतीने परवानगी मिळत नसे. २०१० मध्ये न्यायालयाने दंड ५ कोटी २५ लाख युरोंवर आणला. मात्र गैरवापराचा निष्कर्ष २०१२ मध्ये सर्वोच्च युरोपीय न्यायालयातही मुख्यतः कायम राहिला. नोंदणी मागे घेणे औषध कायद्यास मान्य होते, तरीही ते स्पर्धा कायद्याने दोषार्ह ठरले, हा या निर्णयाचा गाभा होय.

आपल्या स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३(५) नुसार बौद्धिक संपदेच्या रक्षणार्थ करारात वाजवी अटी घालता येतात. ‘वाजवी’ हा शब्द येथे महत्त्वाचा. प्रभुत्वाच्या गैरवापराविषयीच्या कलम ४ मध्ये तर अशी सवलतच नाही. तथापि दिल्ली उच्च न्यायालयाने १३ जुलै २०२३ रोजी निर्णय दिला की, पेटंटधारकाच्या परवानाविषयक वर्तनास पेटंट अधिनियमच लागू होतो, स्पर्धा आयोगाची चौकशी नव्हे. त्यामुळे पेटंटपुरता आपल्याकडे हा मार्ग अरुंद झाला आहे.

म्हणून पेटंट अधिनियमातील उपाय ज्ञात असावेत. कलम ८४ नुसार अनिवार्य परवाना मिळू शकतो. मार्च २०१२ मध्ये सोराफेनिब या कर्करोगावरील औषधाचा असा परवाना नॅटको कंपनीस मिळाला. मूळ औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २,८०,००० रुपये होता. नॅटकोसाठी कमाल किंमत ८,८८० रुपये ठरली. कलम ३(पी) नुसार पारंपरिक ज्ञान हा नवा शोध ठरत नाही, आणि कलम २५(१) नुसार पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणीही विरोध नोंदवू शकतो.

बड्या कंपनीची नोटीस येताच एखादा योग बनविणे थांबविण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : हक्क नोंदलेला आहे काय? त्याची मुदत शिल्लक आहे काय? आणि दावा ग्रंथोक्त ज्ञानावर तर नाही ना? उत्तर शोधण्यासाठी जाणकार वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा.