मध्यरात्रीची हजेरी

महसूल खात्यातील माझ्या नोकरीचा बराच काळ वर्धा नदीच्या काठच्या मुलखात गेला. आता निवृत्तीनंतर एखादा सरपंच, नव्याने रुजू झालेला ग्राम महसूल अधिकारी (ज्याला गावकरी आणि आम्ही जुने लोक अजूनही तलाठीच म्हणतो) किंवा क्वचित एखादा तरुण नायब तहसीलदार घरी येतो आणि पुराच्या वा आगीच्या प्रसंगी गाव हलवावयाचे झाल्यास प्रथम कशाची तजवीज करावी असे विचारतो. तेव्हा होडी, दोर, विजेरी यांच्याविषयी काही न बोलता मी त्याला उलट एकच प्रश्न करतो की, तुमच्या आराखड्यात ज्यांची नावे किंवा हुद्दे लिहिले आहेत, त्यांपैकी रात्री दोन वाजता त्या गावात प्रत्यक्ष कोण झोपलेले असते? या प्रश्नाचे उत्तर बहुधा चटकन मिळत नाही.

रात्रीचाच आग्रह मी का धरतो, हे सांगावयास हवे. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास झाला. पुलगावच्या दारूगोळा भांडाराला ३१ मे २०१६ रोजी आग लागली ती मध्यरात्र उलटल्यावर. आणि रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली ती १९ जुलै २०२३ च्या रात्री, वाडीपर्यंत गाडीरस्ताच नसल्यामुळे मदतीस निघालेल्यांना अंधारात डोंगर चढून जावे लागले. संकटाला कचेरीच्या वेळेचे बंधन नसते हे सर्वांना ठाऊक आहे, तथापि आपले आराखडे मात्र दिवसा कार्यालयात उपस्थित असलेल्या माणसांच्या भरवशावर रचलेले असतात.

आमच्या वर्धा जिल्ह्याची भौगोलिक स्थितीच अशी आहे की येथे बेसावध राहून चालत नाही. मुलताईच्या बाजूने सातपुड्यातून उतरणारी वर्धा नदी आष्टी, आर्वी, देवळी आणि हिंगणघाट या तालुक्यांची पश्चिम सीमा आखीत दक्षिणेकडे जाते. आतल्या अंगाने धाम, बोर, यशोदा आणि वणा या नद्या आपापले पाणी घेऊन येतात. वरच्या बाजूस अप्पर वर्धा धरणाचे तेरा आणि खालच्या बाजूस निम्न वर्धा प्रकल्पाचे एकतीस दरवाजे आहेत; यांपैकी किती, कधी आणि किती उंचीने उघडले याची वार्ता नदीकाठच्या गावाला पाण्याच्या आधी पोचते की पाण्याबरोबर, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. याच नदीने ३० जुलै १९९१ रोजी नरखेड तालुक्यातील मोवाड बुडविले आणि त्यात २०४ माणसे गेली. नागपूर जिल्ह्यातले ते गाव आमच्या सीमेपासून दूर नाही, आणि त्या वर्षानंतर काठावरील म्हाताऱ्या माणसांची पुराविषयी बोलण्याची रीतच बदलली, हे मी माझ्या कानांनी ऐकले आहे.

अशाच एका पावसाळ्यात, गावाचे नाव सांगत नाही, कारण तेथील कारभारी मंडळी अजून हयात आहेत आणि दोष एकट्या त्यांचाही नव्हता, रात्रीच्या पहिल्या प्रहरी पाणी चढू लागल्याचा निरोप आला आणि मी तेथे जाऊन पोचलो. आराखड्याप्रमाणे त्या गावासाठी पाच जबाबदार शासकीय इसम नेमलेले होते. त्यांपैकी तलाठ्याचे पद रिक्त होते आणि साझ्याचा अतिरिक्त कार्यभार ज्याच्याकडे होता तो स्वतःच्या साझ्यातील दुसऱ्या गावात पाण्याने अडकला होता; ग्रामसेवक तालुक्याच्या ठिकाणी राहत असे व मधला पूल बुडालेला; कृषी सहायकाची बदली उन्हाळ्यातच झालेली, पण दूरध्वनी क्रमांक मात्र जुनाच छापलेला; आरोग्यसेविका प्रसूतीच्या रजेवर; आणि ज्या शाळेत लोकांना हलवावयाचे तिची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात, वर्ध्यास. शाळेचे कुलूप आम्ही सब्बलीने तोडले. लोक वाचले ते गावच्या कोतवालामुळे, पोलीस पाटलामुळे आणि नदीचा प्रत्येक भोवरा ठाऊक असलेल्या एका भोई गृहस्थामुळे. त्या भोई गृहस्थाचे नाव आराखड्याच्या कोणत्याही पानावर नव्हते.

त्या रात्रीनंतर चौकशी झाली, कैफियती घेतल्या गेल्या आणि प्रत्येकाची कैफियत खरी होती. पद रिक्त असणे हा तलाठ्याचा कसूर नव्हे, बदली होणे हा कृषी सहायकाचा नव्हे, रजा ही तर आरोग्यसेविकेचा हक्कच. कोणीही कामचुकार नसताना संपूर्ण गाव उघडे पडू शकते, ही गोष्ट मला तेव्हा प्रथम नीट उमगली. आकृतिबंधात जितकी पदे मंजूर असतात तितकी भरलेली नसतात. भरलेल्यांपैकी काही प्रतिनियुक्तीवर, काही रजेवर. उरलेल्यांपैकी कित्येकांचा मुक्काम मुलांच्या शिक्षणासाठी तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या ठिकाणी. मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव घरभाडे भत्त्यासाठी मागण्याचा शिरस्ता आहे, परंतु ठराव कागदावर राहतो आणि कर्मचारी सायंकाळच्या बसने जातो, हे गावाला आणि सरकारला दोघांनाही माहीत असते. मी त्या कर्मचाऱ्यांना दोष देत नाही. ज्या गावात राहण्याजोगे घर मिळत नाही तेथे राहण्याचा हुकूम काढून काय साधणार? पण आराखडा लिहिणाराने हे सत्य ठाऊक नसल्यासारखे लिहू नये, एवढीच माझी विनंती आहे.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने या बाबतीत अधिकारांची वाण ठेवलेली नाही. जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. कलम ३१ अन्वये जिल्ह्याचा आराखडा दर वर्षी तपासून अद्ययावत केला पाहिजे. कलम ६५ अन्वये वाहने व इमारती ताब्यात घेता येतात. पुण्याजवळ सुदुंबरे येथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे, नागपुरास राज्य दलाची. ही दले येतात आणि उत्तम काम करतात, पण ती येईपर्यंतचे पहिले चारसहा तास गावातल्याच माणसांना निभवावे लागतात.

मला नेहमी नवल वाटत आले आहे ते याचे की, हीच महसूल यंत्रणा, हेच शिक्षक आणि हेच तलाठी निवडणुकीचे काम मात्र कसे बिनचूक करतात! तेथे कोणी ‘केंद्राध्यक्ष’ असा केवळ हुद्दा लिहून थांबत नाही. प्रत्येक मतदान केंद्रासाठी नावानिशी आदेश निघतो, तो हातात देऊन पोच घेतली जाते, प्रशिक्षण होते, गैरहजर राहणाऱ्यांचा अंदाज धरून राखीव कर्मचारी बसवून ठेवलेले असतात, प्रत्येक क्षेत्रीय अधिकाऱ्याकडे ठरावीक केंद्रे, प्रत्येक पथकाला ठरावीक वाहन आणि त्या वाहनाचा ठरावीक मार्ग. गाव हलविण्याचे काम याहून गुंतागुंतीचे नाही, फक्त त्याची तारीख आधी जाहीर होत नाही. म्हणून मी सांगत असतो की, नदीकाठच्या प्रत्येक गावासाठी निवडणुकीप्रमाणेच नावानिशी आदेश काढा, आणि ज्यांची नावे घालाल त्यांतील निम्मी माणसे त्या गावातच रात्री राहणारी असू द्या, मग ती शासकीय नोकरीत नसली तरी हरकत नाही. पोलीस पाटील, कोतवाल, आशा, अंगणवाडी सेविका, ट्रॅक्टरचा मालक, पोहता येणारी चार तरुण पोरे, आणि भोई वा ढिवर वस्तीतला एक जाणता माणूस. शाळेच्या किल्लीची एक प्रत पोलीस पाटलाच्या घरी. जून उजाडला की रात्री दहानंतर प्रत्येकाला एकदा दूरध्वनी करून पाहावा. जो उचलत नाही त्याच्या जागी दुसरा. दिवसा घेतलेल्या रंगीत तालमीवर माझा फारसा विश्वास नाही. तिच्यात छायाचित्रे चांगली येतात.

पुलगावची गोष्ट पुराहून निराळी आहे आणि तिचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा. देवळी तालुक्यातील हे केंद्रीय दारूगोळा भांडार देशातील सर्वांत मोठे. २०१६ च्या त्या रात्री रणगाडाविरोधी सुरुंगांच्या साठ्याला आग लागून स्फोट झाले. मृतांची संख्या पुढे एकोणिसापर्यंत गेली आणि त्यांतील बहुतेक जण आगीवर चालून गेलेले भांडाराचेच अग्निशमन कर्मचारी होते. आगरगाव, नागझरी आणि लगतच्या गावांतील माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी लेकरे उचलून घराबाहेर पडली. पुढे २० नोव्हेंबर २०१८ रोजी सोनेगावच्या बाजूस जुना दारूगोळा नष्ट करताना पुन्हा स्फोट होऊन सहा जण दगावले. पुरात गावाला काही तास मिळतात, येथे मिनिटेही मिळत नाहीत. पुरात गावातली उंच शाळा हा आसरा, येथे तीच शाळा स्फोटाच्या टापूत येऊ शकते. पुरात दवंडी चालते, येथे दवंडीवाला बाहेर पडेपर्यंत खिडक्यांच्या काचा फुटलेल्या असतात. त्यामुळे भांडाराच्या परिसरातील गावांचा आराखडा हा पूर आराखड्याचे एक परिशिष्ट असून भागणार नाही. भोंगा कोणता वाजला म्हणजे निघावयाचे, कोणत्या रस्त्याने आणि कोणत्या दिशेस, वाटेत कोठेही न थांबता किती दूर जावयाचे, हे लष्करी आणि मुलकी अधिकाऱ्यांनी एकत्र बसून ठरवावे आणि गावातल्या प्रत्येक चुलीपर्यंत ते आधीच पोचवावे. भांडारात काय साठविले आहे हे गुपित राहणे योग्यच; पण पळावयाचे कोणीकडे हे गुपित असण्याचे काही कारण नाही.

निघण्याचा हुकूम झाला म्हणजे लोक निघतात, असा ज्यांचा समज असेल त्यांनी एकदा आमच्या काठावर येऊन पाहावे. एका म्हाताऱ्याला मी ओसरीवरून उठविण्याचा प्रयत्न करीत होतो, पाणी पायरीला लागले होते, आणि ते मला शांतपणे म्हणाले, “भाऊ, तुमी पोरायले घेऊन जा. बैलं कोनाच्या भरवशावर सोडू मी?” यावर कायद्याचे कोणतेही कलम लागू पडत नाही. पेरणी नुकती आटोपलेली, खताची पोती घरात, सावकाराचे अथवा बँकेचे कर्ज डोक्यावर, आणि त्या घरातली सर्वांत मोठी ठेव गोठ्यात उभी. अशा माणसाला जीव मोठा की बैल असे विचारणे हा त्याचा अपमान आहे. गोठे आधी रिकामे करा, दावी सोडून जनावरे उंचावरच्या ई-क्लास म्हणजे गुरचराईच्या सरकारी जमिनीवर न्या, तेथे चाऱ्याची आणि राखणीची सोय लावा. माणसे त्यांच्या पाठोपाठ आपण होऊन येतात. ज्या आराखड्यात पशुधन पर्यवेक्षकाचे नाव शेवटच्या पानावर असते, तो लिहिणाराने बहुधा पूर पाहिलेला नसतो.

होडीविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण उत्साहाच्या भरात येथेच घात होतो. सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्ट २०१९ रोजी पुरातून सुटू पाहणाऱ्या माणसांनी होडी क्षमतेपेक्षा अधिक भरली, ती उलटली आणि सतरा जीव गेले. होडीच्या तोंडाशी एक कठोर माणूस उभा हवा, ज्याचे एकमेव काम ‘आता पुरे’ असे म्हणणे हे असेल. हा माणूस शक्यतो गावचा नसावा. गावच्या माणसाला भावकीपुढे नाही म्हणता येत नाही.

आणखी एक गोष्ट मला नोकरीच्या अखेरीस उमगली. पहिली रात्र जागून काढलेल्या कर्मचाऱ्यालाच दुसऱ्या दिवशी पंचनाम्यास पाठवितात, तिसऱ्या दिवशी त्याच्याचकडून सानुग्रह अनुदानाच्या याद्या मागवितात, आणि चौथ्या दिवशी मंत्रिमहोदयांच्या दौऱ्यात त्यालाच उभे करतात. २०२२ च्या जुलैत देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर या तालुक्यांना पाण्याने घेरले, तशा प्रसंगी एक पाळी पुरत नसते. बचावाची पाळी वेगळी आणि पंचनाम्याची वेगळी. दुसरी पाळी पूर नसलेल्या तालुक्यांतून आणावी आणि तिची नावेही मे महिन्यातच ठरवावीत. थकलेल्या माणसाने लिहिलेल्या पंचनाम्यात घर अर्धे पडले की पूर्ण, यात चूक होते आणि त्या चुकीचे ओझे ते कुटुंब पुढे वर्षानुवर्षे वाहते. काठावर राहणाऱ्या कर्मचाऱ्याचे स्वतःचे घरही पाण्यात असू शकते. आधी आपल्या माणसांना सुरक्षित ठेवून येण्याची मुभा त्याला द्यावी, म्हणजे नंतर त्याचे चित्त कामात लागते.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. पहिल्या रात्री डिझेल, तांदूळ, डाळ, मेणबत्त्या आणि लहान मुलांसाठी दूध हे सारे गावातल्या दुकानदाराकडून एखाद्या अधिकाऱ्याच्या शब्दावर उधार येते, कारण मंजुरीची नस्ती तेव्हा कोणत्या टेबलावर असते ते कोणालाच सांगता येत नाही. मी अशा एका वाण्याचे बिल मंजूर करून घेण्यासाठी टिपणीवर टिपणी लिहिली. पूर आषाढात आला होता आणि त्याच्या हाती रक्कम पडली तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. पुढच्या पुरात तो दुकान उघडील की नाही, याची मला खात्री नाही. म्हणून तहसीलदाराच्या हाती थोडी रोख अग्रिम रक्कम असावी आणि उधारीच्या नोंदीची एक साधी वही पोलीस पाटलाकडे असावी, जिच्यावर रात्रीच सही होईल, अशी सूचना मी निवृत्त होण्यापूर्वी लेखी करून ठेवली आहे.