संगणकाच्या कामात पहिले पाऊल

पाठाचा हेतु : प्रोग्राम लिहिण्याच्या व्यवसायात नव्याने शिरणाऱ्या तरुण-तरुणींनी पहिल्या दोन-तीन वर्षांत कोणती सवय अंगी बाणवावी, हे समजून घेणे.

दर वर्षी परीक्षांचे निकाल लागले की बेळगाव, इंदूर, वडोदरा अशा गावांतील कितीतरी मुलेमुली पुणे, बंगळूर किंवा हैदराबादची वाट धरतात. आईबाप विचारतात, "कोणती संगणकभाषा शिकली म्हणजे नोकरी मिळेल?" प्रश्न वाजवी आहे, पण आमच्या मते त्याच्या अगोदर दुसरा प्रश्न विचारला पाहिजे. आपल्या कामातील चूक ओळखणे, ती वेळीच सांगणे आणि नीट दुरुस्त करणे हे ह्या मुलाला किंवा मुलीला जमते काय? भाषा कामावर लागल्यावरही शिकता येते. ही सवय मात्र उशिरा लावणे कठीण जाते.

१. कामाचे खरे स्वरूप

पुष्कळांची कल्पना अशी असते की, कामावर गेल्याबरोबर आपण काहीतरी नवे निर्माण करणार. प्रत्यक्षात नवख्याच्या हाती बहुधा दुसऱ्याने पूर्वी लिहिलेला कोड येतो. तो वाचावा, समजून घ्यावा आणि त्यातला एखादा लहानसा दोष काढावा, असे ते काम असते. ह्यात कमीपणा मानू नये. जुना वाडा दुरुस्त करताना गवंड्याला कोणती भिंत भार पेलते हे कळते, तसे दुसऱ्याचा कोड वाचताना आपल्याला पुष्कळ कळते.

२. दोन उदाहरणे

९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाचा मार्क २ हा संगणक नीट चालेना. शोध घेता त्याच्या एका रिलेत पतंगाचा किडा अडकलेला सापडला. तेथील मंडळींनी तो काढून टाकून दिला नाही. नोंदवहीत चिकटपट्टीने लावला व शेजारी नोंद लिहिली. यंत्रातील दोषाला 'बग' म्हणजे किडा म्हणण्याची रीत इंजिनिअरांत त्याच्या आधीपासून होती. येथे खराच किडा निघाला. ती नोंद आजही संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. दोष सापडला की तो लिहून ठेवावा, ही शिस्त ह्या व्यवसायात इतकी जुनी आहे.

दुसरे उदाहरण दुःखाचे आहे. ब्रिटनच्या पोस्ट खात्याने १९९९ पासून आपल्या शाखांत 'होरायझन' नावाची हिशेबाची संगणकप्रणाली बसविली. तिच्यातील दोषांमुळे कित्येक शाखांत प्रत्यक्षात नसलेली तूट दिसू लागली. शाखा चालविणारी साधी माणसे शपथेवर सांगत होती की आम्ही पैसे घेतले नाहीत. पण यंत्राचे खरे आणि माणसाचे खोटे मानले गेले. १९९९ ते २०१५ ह्या काळात ९०० हून अधिक जण दोषी ठरले. काहींनी तुरुंगवास भोगला, कित्येकांनी पदरचे पैसे भरले, काहींची घरे मोडली. प्रणालीतील दोषांच्या नोंदी ती बनविणाऱ्या कंपनीपाशी होत्या. परंतु त्या आरोपींच्या हाती वेळेवर आल्या नाहीत. २०१९ साली न्यायालयाने हे दोष मान्य केले आणि २०२४ साली संसदेला खास कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

पहिल्या ठिकाणी दोष सर्वांना दिसेल असा वहीत चिकटविला गेला. दुसऱ्या ठिकाणी तो ज्यांना कळायला हवा होता त्यांच्यापर्यंत पोचला नाही. आपण लिहिलेल्या ओळीच्या दुसऱ्या टोकाला कोणाचा तरी पगार, औषध किंवा अब्रू असते, हे नवख्याने पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावे.

३. सवय कशी लावावी

(अ) एक भाषा नीट शिकावी. सी १९७० च्या दशकातली, पायथन १९९१ सालची, जावा १९९५ सालची. तिन्ही आजही वापरात आहेत. दहा भाषांची तोंडओळख असण्यापेक्षा एकीत खोल गेलेला मनुष्य दुसरी लवकर शिकतो.

(आ) आडवळणाची उदाहरणे घालून काम तपासावे. चाराने भाग जाणारे प्रत्येक वर्ष लीप वर्ष, असे धरून लिहिलेला प्रोग्राम २००० साली बरोबर चालतो. पण १९०० आणि २१०० ह्या वर्षांच्या फेब्रुवारीत २८च दिवस असल्यामुळे तेथे चुकतो. रक्कम शून्य असली तर? आडनाव नसले तर? हे प्रश्न आपणच आधी विचारावेत.

(इ) प्रत्येक बदलाची नोंद ठेवावी. त्यासाठी २००५ साली लिनस टोरवाल्ड्स ह्यांनी सुरू केलेले 'गिट' हे साधन सर्वत्र वापरतात. बदल लहान करावा आणि तो का केला हे एका वाक्यात लिहावे.

(ई) अडल्यास विचारावे. अर्धा-एक तास स्वतः खटपट करावी. मग वरिष्ठांना सांगावे : मी काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले, आतापर्यंत काय करून पाहिले. अशा प्रश्नाचा कोणी राग मानत नाही. आठवडाभर गप्प बसणाऱ्याचा मात्र मानतात.

(उ) २०२२ च्या अखेरीस 'चॅटजीपीटी' आल्यापासून यंत्रेही भराभर कोड लिहून देतात. त्यांची मदत जरूर घ्यावी. पण जी ओळ आपल्याला समजावून सांगता येत नाही, ती आपली म्हणून पुढे देऊ नये.

४. आईबाप व शिक्षक ह्यांस

नोकरी देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्यास एक रुपयाही देऊ नये. करारपत्र जाणत्याकडून वाचवून घेतल्याशिवाय मुलांना सही करू देऊ नये. शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आणखी एक विनंती. जे मूल वर्गात "मला समजले नाही" असे म्हणते त्याला हसू देऊ नका. काच फुटली हे खरे सांगणाऱ्या मुलाला घरी मार बसला, तर पुढच्या वेळी ते काचा लपवील. आणि तीच सवय घेऊन ते मोठेपणी कचेरीत जाईल.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात चूक कबूल करणाऱ्याला काय ऐकावे लागते?
२. होरायझनच्या प्रकरणात एखाद्या नवख्या कामगाराला दोष दिसला असता, तर त्याने कोणाला व कसे सांगावयास हवे होते?
३. आपल्या मंडळीतील ह्या व्यवसायात असलेल्या अनुभवी सभासदांनी नवख्यांसाठी महिन्यातून एक संध्याकाळ देता येईल काय?