कोर्सच्या फीआधी पुठ्ठा आणि कात्री

बारावीचा निकाल लागला की पालकांचा ठरलेला प्रश्न येतो: मुलाला सिनेमाचं वेड आहे, व्हीएफएक्सच्या कोर्सला घालू का? प्लेसमेंटची हमी देतात म्हणे. स्पष्टच सांगतो, एवढ्यात नको. अशा कोर्समध्ये बहुतेक वेळ सॉफ्टवेअरची बटणं शिकण्यात जातो आणि पहिली नोकरी मिळते ती बहुधा रोटोची. फ्रेममागून फ्रेम नटाची कडा कापत बसायचं. नेमकं हेच काम आता एआय करू लागलंय. शिवाय यातलं बरंचसं काम परदेशी स्टुडिओंच्या मर्जीवर चालतं. फेब्रुवारी २०२५मध्ये टेक्निकलर हा परदेशी व्हीएफएक्स समूह कोसळला, तेव्हा बंगळुरू-मुंबईतल्या कुशल कलाकारांवरही घरी बसायची वेळ आली.

‘पण आता सगळं कॉम्प्युटरवरच होतं ना?’ नाही. २०१७च्या ‘ब्लेड रनर २०४९’मधल्या कित्येक इमारती न्यूझीलंडच्या वेटा वर्कशॉपने लहान प्रतिकृती (मिनिएचर) करून उभ्या केल्या आणि त्यांचं चित्रण डिजिटल दृश्यात मिसळलं. ‘द मँडलोरियन’मधल्या यानाचंही खरंखुरं मॉडेल काही शॉट्ससाठी चित्रित झालं. यात डोकं चालवावं लागतं. पंचवीसपट लहान केलेली इमारत कोसळताना खरी वाटायला हवी, तर चित्रणाचा वेग त्या पटीच्या वर्गमुळाइतका वाढवायचा: पंचविसाचं वर्गमूळ पाच, म्हणून २४ऐवजी सेकंदाला १२० फ्रेम्स. सगळं मॉडेल फोकसमध्ये हवं म्हणून लेन्सचं छिद्र बारीक, आणि म्हणून प्रकाश भरपूर. पाण्याचा थेंब मात्र कुणाला लहान करता येत नाही, तिथे मॉडेलच मोठं करावं लागतं. मग सावलीची दिशा, लेन्स, धुक्याचा दाटपणा डिजिटल पार्श्वभूमीशी जुळवायचा. ही नजर सॉफ्टवेअर बदललं तरी जुनी होत नाही.

निव्वळ मिनिएचरवर पोट भरेल का? आपल्याकडे अवघडच, हे लपवण्यात अर्थ नाही. पण हेच हात जाहिरातींच्या टेबलटॉप चित्रणाला, वास्तुविशारदांच्या मॉडेल्सना, संग्रहालयातल्या देखाव्यांना लागतात, आणि प्रकाश कळणारा कंपोझिटर, म्हणजे वेगवेगळी चित्रणं एका दृश्यात मिसळणारा, नुसत्या बटणं दाबणाऱ्यापेक्षा केव्हाही उजवा. तेव्हा शेजारच्याचा मुलगा कुठे लागला, हे घरात ऐकवणं आधी थांबवा. या सुट्टीत पोराला पुठ्ठा, कात्री, टेबललॅम्प आणि स्लो-मोशनचा मोबाइल द्या. ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पहिला शॉट खेळण्यासारखाच दिसेल. तो पाहून पोर दिवा हलवून पुन्हा शूट करायला उठलं, तर शिल्पकलेच्या पदवीची, पदवीनंतर पुण्याच्या एफटीआयआयमधल्या कलादिग्दर्शनाची चौकशी करा. कंटाळून उठलं, तर फी वाचली.