चेंडू पाव किलोचा, भार वेगाचा

मनगटाच्या व्यायामाचा जायरो बॉल घेताना दुकानदार हमखास म्हणतो, "एवढासा तर आहे, कितीही फिरवा." मलाही हेच सांगितलं होतं. चेंडूच्या फेऱ्या मोजणाऱ्या मीटरवरचा आकडा रोज थोडा चढवत गेलो आणि कोपराजवळ अशी कळ धरली की भरलेला तांब्या उचलवेना. डॉक्टरांनी विचारलं, "जड काय उचललंत?" जड काहीच नव्हतं. भार कुठून आला हे कळलं ते चेंडूची रचना समजून घेतल्यावर.

आत एक जड चकती असते. जोरात फिरणारी चकती आपला आस सहज बदलू देत नाही. एका बाजूला कलती करायला जावं, तर ती काटकोनातल्या दिशेला वळते. याला परांचन म्हणतात. आसाची दोन्ही टोकं कवचाच्या आतल्या गोल खाचेत असतात. मनगट फिरवलं की एक टोक खाचेच्या वरच्या कडेवर दाबलं जातं, दुसरं खालच्या. घर्षणामुळे ती कडेवरून गडगडत जातात आणि चकतीचा वेग वाढतो. बॅटरी नाही, मोटर नाही. अमेरिकेत आर्ची मिशलर यांना या युक्तीचं पेटंट १९७३ मध्ये मिळालं.

टोकं घसरत नाहीत, म्हणून मनगटाचा वेग दुप्पट झाला की चकतीचाही दुप्पट होतो. हाताला जाणवणारा जोर या दोन वेगांच्या गुणाकारावर ठरतो. म्हणजे मिनिटाला ४,००० फेऱ्यांवरून ८,००० वर गेलात, तर जोर चौपट! मीटरवरचा आकडा हा खेळातला स्कोअर नव्हे, ते तुम्ही उचललेलं वजन आहे.

तेव्हा नव्याने घेणाऱ्यांनी आकडा बेतानेच वाढवावा. तालमीत वस्ताद नव्या पोराच्या हातात पहिल्याच दिवशी जड जोडी देत नाही. मूठ आवळू नये, दोन्ही हातांना आणि दोन्ही दिशांना सारखं काम द्यावं. चेंडू अडखळला तर खाचेत तेल सोडू नये; घर्षण गेलं की टोकं घसरतात आणि चकती वेगच घेत नाही. फिरती चकती बोटाने थांबवू नये.

बोटांना मुंग्या आल्या किंवा दुखणं दुसऱ्या दिवशीही राहिलं, तर चेंडू बाजूला ठेवावा. मनगटाचं हाड मोडून जुळलेलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घेऊच नये.