भाजलेल्या कॉफीची भरडणी आणि सफाई : अनुभवाचे बोल

भाजलेले कॉफीचे दाणे भरडून, त्यांतील फोलपट आणि परकी द्रव्ये वेगळी काढून ते दळणीस सिद्ध करणारे यंत्र हे कॉफीच्या कारखान्यात दुय्यम साधन समजले जाते. भाजणीचे यंत्र निवडताना उद्योजक चार ठिकाणी चौकशी करतो, जाणकारांना विचारतो, नमुने चाखून पाहतो. भरडणी व सफाईच्या यंत्राची खरेदी मात्र पुष्कळदा किंमत, लागणारी जागा आणि ताशी किती किलो माल निघतो एवढ्याच तीन गोष्टींवर उरकली जाते. या दुर्लक्षाचे मोल पुढे रोजच्या रोज मोजावे लागते, कारण हे यंत्र बिघडल्यावर बंद पडत नाही, तर चालू राहूनच नुकसान करीत राहते. म्हणून या यंत्राची पारख त्यातून निघणाऱ्या मालाइतकीच त्यातून बाहेर टाकल्या जाणाऱ्या कचऱ्यावरूनही करावी, किंबहुना आधी कचऱ्यावरून करावी, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

यंत्राचे काम समजण्यासाठी प्रथम दाण्याची रचना समजून घेतली पाहिजे. कॉफीच्या फळात सामान्यतः दोन बिया सपाट बाजूंनी एकमेकींना टेकून असतात; प्रत्येक बीवर पार्चमेंट नावाचे कडक आवरण असते आणि त्याच्या आत बीला चिकटलेला एक अतिशय पातळ रुपेरी पापुद्रा असतो. पार्चमेंट कांडणीत निघून जाते. पापुद्र्याचा बाहेरचा भाग भाजताना दाणा फुगू लागला की सुटतो व भाजणी यंत्रातील हवेबरोबर सायक्लोनमध्ये, म्हणजे ज्या शंक्वाकार पात्रात हवा भोवऱ्यासारखी फिरून कण तळाशी सोडते त्या पात्रात, जमा होतो. परंतु दाण्याच्या सपाट बाजूवरील चिरेतून हाच पापुद्रा आत दुमडलेला असतो, आणि तो भाग भाजणीने सुटत नाही. दाणा फुटल्याखेरीज त्याला बाहेर पडायला वाटच नसते, आणि फुटल्यावर सुटणारा हाच पापुद्रा म्हणजे फोलपट. फळ सालीसकट उन्हात वाळवून तयार केलेल्या मालात, ज्याला भारतीय व्यापारात ‘चेरी’ म्हणतात, आणि विशेषतः रोबस्टा जातीत हा पापुद्रा अधिक घट्ट चिकटलेला असतो. भारतात अरेबिकापेक्षा रोबस्टाचेच उत्पादन बरेच अधिक असल्याने हा प्रश्न आपल्याकडे अधिक जाणवतो.

या प्रश्नावरील यांत्रिक उपाय शतकाहून जुना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत ‘स्टील-कट’ कॉफीची, म्हणजे जात्याच्या घर्षणाने न चिरडता पोलादी धारांनी कापलेल्या आणि फोलपट उडवून लावलेल्या कॉफीची, मोठी जाहिरात होत असे. बॅरिंग्टन हॉल या नावाने विकली जाणारी कॉफी त्यांपैकीच होती. त्याच सुमारास ज्यूल्स लपाज यांनी खाचांच्या रोलरांचे एकस्व मिळविले. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनेत जोडीतील एका रोलरवर लांबीच्या दिशेने आणि दुसऱ्यावर घेराभोवती खाचा असतात, व दोन्ही रोलर वेगवेगळ्या गतीने फिरत असल्यामुळे दाणा चेंगरण्याऐवजी कापला जातो. मोठ्या कारखान्यांतील रोलर-दळणीचा पाया आजही याच कल्पनेवर उभा आहे.

कापणीनंतरच्या सफाईचे तत्त्व खळ्यावरच्या उपणणीचेच आहे: वाऱ्यात धान्य सरळ खाली पडते आणि भुसा दूर जातो. फोलपट चपटे व हलके असल्याने हवेत सावकाश पडते, कॉफीचा तुकडा जाड व जड असल्याने झपाट्याने पडतो, आणि या दोन गतींच्या मधल्या वेगाचा हवेचा झोत दिला की दोहोंची फारकत होते. पण तुकडा जसजसा लहान होत जातो तसतशी त्याची पडण्याची गती फोलपटाच्या गतीजवळ येऊ लागते, आणि पूड झाल्यावर दोघांतील फरक जवळजवळ नाहीसा होतो. त्या अवस्थेत कोणताही झोत फोलपटाला नेमके उचलू शकत नाही. यावरून सफाईचा क्रम आपोआप ठरतो: दाण्याचे मोजके मोठे तुकडे करावेत, त्याच टप्प्यावर झोत द्यावा, आणि मगच बारीक दळणी करावी.

प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील एका लघुउद्योगाची हकीकत या ठिकाणी उपयोगी पडण्यासारखी आहे. तेथे भरडणी, फोलपट-सफाई आणि दळणी या तिन्ही क्रिया एकाच उभ्या चौकटीत करणारे यंत्र घेण्यात आले. विक्रेत्याच्या ठिकाणी झालेल्या प्रात्यक्षिकात हलक्या भाजणीची, धुऊन तयार केलेली अरेबिका वापरण्यात आली होती, आणि तिच्यापुरते यंत्र उत्तम चालले. उद्योगाचा रोजचा माल मात्र गडद भाजणीची रोबस्टा चेरी हा होता. गडद भाजलेला दाणा अधिक ठिसूळ असतो व त्याच्या पृष्ठावर तेल आलेले असते. त्यामुळे पहिल्याच रोलरखाली तुकड्यांबरोबर पुष्कळ बारीक चुरा निघू लागला आणि तो तेलकटपणामुळे फोलपटाला धरून राहू लागला. फोलपटाची पिशवी भराभर भरू लागली, तेव्हा सफाई उत्तम होत असल्याचा समज सर्वांचाच झाला.

तो समज त्या पिशवीनेच खोटा ठरवला. पिशवीतील मूठभर माल पांढऱ्या कागदावर पसरून हलकेच फुंकर घातली, तेव्हा फिकट पापुद्रे उडून गेले आणि कागदावर काळसर कणांचा थर राहिला. ती सगळी विकाऊ कॉफी होती. उपाय म्हणून चालकाने ब्लोअरची झडप अर्धी मिटली, तर पिशवी हलकी झाली खरी, पण पुडीत फिकट ठिपके दिसू लागले. झोत वाढवावा तर माल जातो, घटवावा तर फोलपट राहते, अशा या कात्रीत अनेक उद्योजक सापडतात आणि ब्लोअरच बदलू पाहतात. येथे दोष ब्लोअरचा नव्हताच. रोलरांमधील अंतर फार कमी ठेवलेले होते आणि भरडणी व झोत यांच्या दरम्यान चुरा वेगळा काढणारी चाळणी नव्हती. अंतर वाढवून दाण्याचे जेमतेम काही तुकडे होतील असे केले, मध्ये चाळणी बसवून चुरा थेट दळणीकडे वळवला आणि माल ढिगाने न सोडता पातळ पडद्यासारखा झोतात सोडला, तेव्हा तोच ब्लोअर पुरेसा ठरला.

या अनुभवातून निघणारा पहिला नियम असा की यंत्राची चाचणी स्वतःच्या मालावर, स्वतःच्या भाजणीवर घ्यावी आणि तीत तोलाचा हिशेब मांडावा. समजा, 100 किलो भाजलेले दाणे यंत्रात टाकले. तर निघालेली कॉफी, फोलपटाच्या पिशवीतील माल आणि यंत्राच्या सांदीकोपऱ्यांत अडकून राहिलेला माल या तिन्हींची वजने वेगवेगळी घेऊन त्यांची बेरीज 100 च्या जवळ येते की नाही ते पाहावे, व पिशवीतील मालात कॉफी किती आणि पापुद्रा किती हे चाळून ठरवावे. पिशवी 3 किलोंची भरली आणि तीत 2 किलो कॉफी निघाली, तर ते यंत्र शेकडा 2 या दराने रोज माल फेकत आहे, आणि किमतीत मिळालेली सूट अशा दराने फार दिवस टिकत नाही. खरेदीच्या करारात ही चाचणी स्वीकृतीची अट म्हणून लिहून घ्यावी.

दुसरा नियम भरडणीपूर्वीच्या सफाईचा आहे. अंगणात वाळवलेल्या कॉफीत खडे येतातच, आणि खिळे, तारेचे तुकडे, पोत्याची सुतळी हेही येते. कच्च्या दाण्यांतून खडा काढण्यापेक्षा भाजलेल्या दाण्यांतून काढणे सोपे असते, कारण भाजणीत दाणा फुगतो आणि त्याचे वजन भाजणीच्या गडदपणानुसार साधारणतः 12 ते 20 टक्क्यांनी घटते, तर खडा जसाच्या तसा जड राहतो. डिस्टोनर, म्हणजे हवेच्या जोराने दाणे वर उचलून खडे खाली सोडणारे यंत्र, याच फरकावर चालते. वर सांगितलेल्या उद्योगात डिस्टोनर पुढे कधी तरी घेऊ म्हणून टाळला गेला आणि एका खड्याने रोलरच्या धारा तुटल्या. धारा तुटल्या की तुकडे असमान पडतात, चुरा वाढतो, आणि सफाईचे सारे गणित पुन्हा बिघडते. डिस्टोनर आणि त्यापुढे शक्तिमान चुंबक यांना चैनीची जोड न मानता यंत्राच्या किमतीचाच भाग धरावे, आणि चुंबक दर पाळीला पुसावा, कारण लोखंडी कणांनी भरलेल्या चुंबकाची पकड कमी होते.

तिसरा नियम असा की फोलपट काढायचे की नाही हे उद्योजकाने आधी ठरवावे. मोठ्या कारखान्यांत बहुधा ते काढत नाहीत. नॉर्मलायझर नावाच्या घुसळणीच्या भागात ते बारीक करून पुडीत मिसळतात, त्यामुळे वजन राखले जाते आणि पुडीची घनता पाकिटाच्या मापाला जुळवता येते. फिल्टर कॉफीसाठी ज्याला स्वच्छ, एकसारख्या रंगाची पूड हवी, त्याने सफाईचा खर्च करावा. ज्याचे ग्राहक ठिपक्यांकडे पाहत नाहीत, त्याने तो करू नये. फोलपटाने कॉफी कडू होते हे स्टील-कटच्या जाहिरातींतील म्हणणे आपल्याच मालाचे दोन पेले, एक सफाईचा व एक बिनसफाईचा, शेजारी ठेवून चाखल्याशिवाय स्वीकारू नये.

चिकोरीविषयी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. माटुंग्याच्या दुकानांपासून लहान शहरांपर्यंत जेथे जेथे दाक्षिणात्य पद्धतीची कॉफी विकली जाते, तेथे चिकोरीच्या मिश्रणाला मागणी असते; भारतीय अन्नमानकांप्रमाणे अशा मिश्रणात कॉफीचे प्रमाण 51 टक्क्यांहून कमी असू नये. चिकोरी हवेतील ओल झपाट्याने शोषते व चिकट होते, आणि ती कॉफीच्या रोलरांवर दळली तर खाचा बुजतात. ती वेगळ्या चक्कीवर दळून नंतर तोलून मिसळावी, म्हणजे प्रमाणही नेमके राहते आणि यंत्रही.

दळणीतील आणखी एक अडचण स्थिर विजेची आहे. कोरड्या हवेत पूड नळीच्या भिंतीला चिकटणे हा घर्षणातून निर्माण होणाऱ्या स्थिर विद्युतभाराचा परिणाम असतो. 2023 मध्ये ओरेगन विद्यापीठातील संशोधकांनी दाण्यातील ओलाव्याचा या विद्युतभाराशी असलेला संबंध दाखवून दिला, आणि दळण्यापूर्वी दाण्यांवर किंचित पाणी शिंपडल्यास भार घटतो असे आढळले. घरगुती दळणीत हा उपाय सोपा आहे. कारखान्यात मात्र ओल राहिलेल्या पुडीचे टिकणे धोक्यात येत असल्याने यंत्राची सर्व धातूची अंगे नीट अर्थिंग करणे हा पहिला उपाय समजावा.

शेवटचा नियम माणसांच्या जिवाशी निगडित आहे आणि त्यात तडजोडीला जागा नाही. फोलपट अत्यंत कोरडे असते व ठिणगीने पेट घेते. म्हणून भरडणीचे फोलपट वाहून नेणारी नळी भाजणी यंत्राच्या गरम नळीला कधीही जोडू नये, पिशवी दर पाळीला रिकामी करावी आणि भाजलेला माल पूर्ण थंड झाल्याखेरीज हॉपरमध्ये टाकू नये. दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. भाजलेल्या दाण्यात कोंडलेले वायू दाणा फुटताच वेगाने बाहेर पडतात, आणि त्यांत कार्बन डायऑक्साइडबरोबर कार्बन मोनॉक्साइडही असतो, ज्याला रंग नसतो व वासही नसतो. अमेरिकेतील निऑश या व्यावसायिक आरोग्याच्या शासकीय संस्थेने कामाच्या पाळीतील सरासरीसाठी दशलक्ष भागांत 35 भाग आणि कोणत्याही क्षणी 200 भाग अशी त्याची शिफारशीची मर्यादा सांगितली आहे, आणि कॉफीच्या कारखान्यांतील हवेच्या पाहण्यांत डायअसिटिल या फुप्फुसांना अपायकारक बाष्पाकडेही लक्ष वेधले आहे. ताज्या कॉफीच्या सुगंधाने भरलेली बंद खोली आरोग्यदायी वाटते, पण दळणी चालू असलेल्या बंद खोलीत काम करणाऱ्याचे डोके दुखू लागले तर ती थकव्याची खूण न समजता त्याला ताबडतोब मोकळ्या हवेत न्यावे. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे उपकरण दळणीच्या खोलीत आणि भाजलेला माल साठवण्याच्या जागी असावे, हवा बाहेर टाकणारे पंखे यंत्राबरोबरच चालू व्हावेत, आणि साठवणीच्या कोठीत डोके घालून माल ओढण्याची सवय कठोरपणे बंद करावी.

यंत्राशेजारी एक वही ठेवावी व तीत दर पाळीला टाकलेल्या दाण्यांचे, निघालेल्या कॉफीचे आणि फोलपटाचे वजन, रोलरांमधील अंतर, झडपेची स्थिती आणि त्या दिवशीची भाजणी यांची नोंद करावी. फोलपटाचे वजन एकाएकी वाढलेले दिसले तर धार बोथट झाली आहे किंवा अंतर सरकले आहे असे समजून त्याच दिवशी यंत्र उघडावे. ही नोंद मालकाने स्वतः न ठेवता यंत्र चालवणाऱ्याकडे सोपवावी, आणि नोंदीवरून बिघाड दाखवून देणाऱ्या चालकाला यंत्र थांबवण्याचा अधिकार द्यावा; कारण माल वाया जात असल्याचे आणि हवा जड झाल्याचे सर्वांत आधी त्यालाच कळते.