सार्वजनिक आरोग्याची पदवी व तिचें ऋण

ऋण काढून सण करूं नये, ही शिकवण आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या तोंडीं नेहमीं असते. परंतु विद्येसाठीं काढलेलें ऋण हा सण नव्हे. तें बियाण्यासाठीं काढलेल्या कर्जासारखें आहे. शेतकरी बियाणें घेण्यापूर्वीं जमीन, पाऊस आणि बाजारभाव यांचा अंदाज घेतो. पदवीसाठीं कर्ज काढणाऱ्यानेंही तसाच अंदाज घेतला पाहिजे. तो कसा घ्यावा, हें सार्वजनिक आरोग्यशास्त्राच्या पदवीवरून पाहूं.

वैद्य एका रोग्यास बरें करतो. सार्वजनिक आरोग्याचा सेवक सबंध गांव आजारी पडूं नये म्हणून झटतो. पिण्याचें पाणी, लसीकरण, साथींची नोंद, माता व बालकें यांचें पोषण, हें त्याचें कार्यक्षेत्र. या शास्त्राच्या अध्यापनासाठीं कलकत्ता येथें १९३२ सालीं अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. १९४६ सालच्या भोर समितीच्या अहवालानेंही रोगप्रतिबंधावर मोठा भर दिला. आज मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसारख्या अनेक ठिकाणीं या विषयाची दोन वर्षांची एम्. पी. एच्. ही पदवी मिळते, आणि कित्येक संस्थांत वैद्यकाखेरीज अन्य शाखांच्या पदवीधरांसही प्रवेश असतो.

या कार्याचें फळ सर्वांस मिळतें, म्हणूनच त्याची फी कोणीही एकटा देत नाहीं. वेतन येतें तें सरकारकडून, धर्मादाय संस्थेकडून वा संशोधनाच्या अनुदानांतून. राष्ट्रीय आरोग्य अभियानांतील अनेक जागा तर कराराच्या, म्हणजे ठराविक मुदतीच्या असतात. करार संपला म्हणजे वेतन थांबतें. पेढीचा हप्ता थांबत नाहीं. खरी अडचण आहे ती येथेंच.

आतां गणित करूं. समजा, एका विद्यार्थ्यानें दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठीं प्रत्येक वर्षाच्या आरंभीं ४ लक्ष, असे एकूण ८ लक्ष रुपये दरसाल दर शेंकडा १० व्याजानें घेतले. पेढ्या सामान्यतः शिक्षणकाळांत व त्यापुढें एक वर्षपर्यंत हप्ता मागत नाहींत. परंतु व्याज चालूच असतें. पहिल्या ४ लक्षांवर तीन वर्षांचें सरळव्याज १ लक्ष २० हजार, दुसऱ्या ४ लक्षांवर दोन वर्षांचें ८० हजार. म्हणजे हप्ते सुरू होतांना ऋण ८ लक्ष नसून १० लक्ष झालेलें असतें! तें दहा वर्षांत फेडावयाचें तर मासिक हप्ता सुमारें १३,२१५ रुपये पडतो व एकूण भरणा जवळजवळ १५ लक्ष ८६ हजार होतो. मुदत पंधरा वर्षें केली तर हप्ता १०,७४६ वर येतो खरा. पण एकूण भरणा १९ लक्षांवर जातो. हप्ता हलका झाला म्हणजे कर्ज हलकें झालें, असें समजूं नये.

हें गणित उलट दिशेनेंही करावें. आरंभींचें मासिक वेतन ४०,००० रुपये धरलें, तर वरील १३,२१५ चा हप्ता वेतनाचा तिसरा हिस्सा खातो. घरभाडें व अन्न वजा जातां आईबापांस पाठविण्यास काय उरणार? हप्ता वेतनाच्या पांचव्या हिश्शाहून अधिक नसावा, असा नेम केला, तर तो ८,००० होतो. आणि वरील अटींवर तेवढ्या हप्त्यांत मूळ कर्ज ४ लक्ष ८४ हजारांपर्यंतच पेलतें. म्हणजे प्रथम वेतन पाहावें, मग हप्ता ठरवावा, व शेवटीं संस्था निवडावी. बहुतेक घरीं हा क्रम नेमका उलटा होतो.

पालकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. शिक्षणकाळांतलें व त्यापुढील वर्षाचें व्याज वेळच्या वेळीं भरतां आलें, तर वरील उदाहरणांत २ लक्ष आधीं द्यावे लागतात, पण हप्ता १०,५७२ वर येऊन दहा वर्षांत ३ लक्षांहून अधिक वांचतात. तसेंच २०२४ सालीं संमत झालेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेखालीं, निवडक संस्थांतील ठराविक संख्येच्या विद्यार्थ्यांस, कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न ८ लक्षांपर्यंत असल्यास, १० लक्षांपर्यंतच्या कर्जावर हप्ते सुरू होण्यापूर्वींच्या काळांत ३ टक्के व्याजसवलत मिळूं शकते. तिची चौकशी अवश्य करावी.

अमेरिकेंतही हाच पेंच आहे. तेथें २००७ सालच्या कायद्यानें, सरकारी वा धर्मादाय सेवेंत राहून १२० मासिक हप्ते भरणाऱ्याचें उरलेलें कर्ज माफ होतें. परंतु ही सवलत तेथील केंद्र सरकारच्या कर्जापुरतीच आहे, आणि येथून शिकावयास जाणाऱ्यास तें कर्ज मिळत नाहीं. परदेशीं जाणाऱ्यानें त्या माफीच्या भरंवशावर राहूं नये.

विद्यार्थिमित्रहो, या हिशेबानें भिऊन सेवेचा मार्ग सोडूं नका. ज्यास डोईजड कर्ज आहे, त्यास अधिक पगाराच्या शोधांत खेड्यांतील दवाखाना सोडून जावें लागतें. ज्याचें ऋण बेताचें आहे, तो तेथें टिकून राहूं शकतो. शिष्यवृत्ति मिळवा, कमी फीची संस्था पाहा, दोन वर्षें नोकरी करून मग शिका. आणि प्रवेशाच्या कागदावर सही करण्यापूर्वीं एक रात्र आईबापांजवळ बसून हा हिशेब स्वतःच्या हातानें मांडा.