छायाचित्राची पारख

लग्नकार्य असो, सहल असो की शाळेचे स्नेहसंमेलन असो, कोणाच्या ना कोणाच्या हाती कॅमेरा असतोच. छायाचित्र काढले जाते, ते दहा जणांना दाखवले जाते आणि दहाही जण म्हणतात, "वा! छान आले आहे." बोलणाऱ्याला बरे वाटते, ऐकणाऱ्यालाही बरे वाटते, पण त्या 'छान'मधून चित्र काढणाऱ्याला शिकायला काय मिळते? काहीच नाही. एखादा तुसडेपणाने म्हणतो, "छे! तुला काही जमले नाही." त्यातूनही हाती काही लागत नाही, उत्साह मात्र मावळतो. कोरडी स्तुती आणि कोरडी निंदा या दोन्ही सारख्याच निरुपयोगी होत. या दोहोंहून वेगळी अशी एक तिसरी गोष्ट आहे. तिला पारख म्हणतात.

पारखी माणूस आधी पाहतो आणि मग बोलतो. 'फोटोग्राफी' या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ 'प्रकाशाने लिहिणे' असा आहे. म्हणून तो प्रथम प्रकाश कोठून आला आहे ते पाहतो. मग चौकटीत काय घेतले आहे आणि काय वगळले आहे, हे पाहतो. शेवटी तो स्वतःला विचारतो, "हे चित्र मला काय सांगू पाहते? आणि ते सांगणे मला कळले का?"

समजा, एका मुलीने ओसरीवर धान्य निवडत बसलेल्या आजीचे छायाचित्र काढले आहे. आजीची बोटे सुपावर सुरेख दिसत आहेत. परंतु मागील अंगणात लख्ख ऊन असल्यामुळे तिचा चेहरा काळवंडला आहे. अंगणातील खांब नेमका डोक्यामागे आल्याने तो जणू डोक्यातूनच उगवला आहे! अशा वेळी 'चित्र फसले' असे म्हणणे सोपे असते. परंतु पारखी म्हणेल, "बोटांची हालचाल तू छान टिपली आहेस. आता दोन पावले डावीकडे सरक, म्हणजे खांब बाजूला जाईल. आणि आजीचे तोंड उजेडाकडे असताना चित्र घे." या बोलण्यात गुण आहे, दोष आहे, आणि दोष दूर करण्याचा उपायही आहे.

अशा एका पारखी माणसाची आणि त्याच्या शब्दाने घडलेल्या एका तरुणाची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांचा जन्म १८६४ साली अमेरिकेत झाला. शिक्षणासाठी ते जर्मनीतील बर्लिन शहरी गेले. यंत्रविद्या शिकण्यासाठी गेलेला हा तरुण तेथे छायाचित्रणातच रमून गेला. १८८७ साली इंग्लंडमधील हौशी छायाचित्रकारांच्या एका नियतकालिकाने स्पर्धा ठेवली होती. पीटर हेन्री इमर्सन हे नामवंत छायाचित्रकार तिचे परीक्षक होते. स्टीग्लिट्झ यांनी इटलीतील बेलाजिओ या गावी काढलेल्या एका चित्रातील सहजता त्यांना भावली आणि त्यांनी त्या अपरिचित तरुणाला पहिले पारितोषिक दिले. योग्य वेळी मिळालेल्या जाणत्या माणसाच्या शब्दाचे मोल काय असते, हे स्टीग्लिट्झ यांनी असे स्वतः अनुभवले होते.

पुढे मायदेशी परतल्यावर त्यांनी १९०३ साली 'कॅमेरा वर्क' नावाचे त्रैमासिक सुरू केले. १९०५ साली न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यू या रस्त्यावरील २९१ क्रमांकाच्या घरात एक लहानसे कलादालन उघडले. लोक त्याला नुसते '२९१' असेच म्हणत. छायाचित्र ही चित्रकलेइतकीच मोलाची कला आहे, हे जगाला पटवून देण्याचा त्यांनी ध्यास घेतला होता.

पॉल स्ट्रँड हा न्यूयॉर्कमधील एक विद्यार्थी होता. तो बारा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला कॅमेरा दिला होता. लुईस हाईन हे त्याचे शिक्षक होते. गिरण्यांत आणि खाणींत राबणाऱ्या लहान मुलांची छायाचित्रे काढून त्यांची दैना जगापुढे मांडणारे हेच ते हाईन. ते एकदा आपल्या विद्यार्थ्यांना '२९१' मध्ये घेऊन गेले. तेथील चित्रे पाहून पॉलने मनाशी ठरवले, "मी छायाचित्रकारच होणार!"

पुढे अनेक वर्षे तो अधूनमधून आपली चित्रे स्टीग्लिट्झ यांच्याकडे नेई आणि त्यांचे मत विचारी. त्या काळी अनेक छायाचित्रकार आपली चित्रे मुद्दाम धूसर काढीत. छायाचित्र रंगवलेल्या चित्रासारखे दिसले, तरच त्याला कला म्हणता येईल, अशी त्यांची समजूत होती. त्यासाठी ते एक विशिष्ट मृदू भिंग वापरीत. स्ट्रँडही तेच करी.

१९१५ च्या सुमारास स्टीग्लिट्झ यांनी त्याच्या चित्रांतील एक दोष नेमका दाखवून दिला. या भिंगाने तू काही साधले आहेस खरे, परंतु त्यामुळे सर्व वस्तू एकाच द्रव्याच्या वाटू लागल्या आहेत, अशा आशयाचे ते बोलले. गवत पाण्यासारखे दिसते आणि पाणी झाडाच्या सालीसारखे. मग प्रत्येक वस्तूचे वेगळेपण उरले कोठे? उपायही त्यांनीच सुचवला. भिंगाचे छिद्र लहान करून चित्र घ्यावे.

या उपायामागील कारण समजण्यास कठीण नाही. मृदू भिंगाच्या कडेचे किरण आणि मधले किरण एकाच जागी एकत्र येत नाहीत, म्हणून रेषा पसरट उमटतात. छिद्र लहान केले की कडेचे किरण अडवले जातात आणि रेषा रेखीव होतात. मात्र आत येणारा प्रकाश कमी झाल्यामुळे छिद्र अधिक वेळ उघडे ठेवावे लागते.

इतक्या वर्षांच्या सवयीवर कोणी बोट ठेवले, तर मनाला लागणारच. स्ट्रँडने रुसून तेथे जाणे सोडले असते, तर त्याची कला तेथेच थांबली असती. पण त्याने तो शब्द मनावर घेतला आणि स्वतः पारखून पाहिला. १९१५ सालचे त्याचे 'वॉल स्ट्रीट' हे चित्र प्रसिद्ध आहे. त्यात एका पेढीच्या इमारतीची काळीभोर, अवाढव्य गवाक्षे आहेत. त्यांच्याखालून सकाळच्या उन्हात लांब सावल्या टाकीत माणसे कामावर चालली आहेत. त्या भिंतीपुढे ती किती इवलीशी दिसतात! मोठ्या शहरातील माणसाचे एकाकीपण या चित्रात शब्दांवाचून उमटले आहे.

१९१६ साली स्टीग्लिट्झ यांनी '२९१' मध्ये स्ट्रँडच्या चित्रांचे प्रदर्शन भरवले. १९१७ साली 'कॅमेरा वर्क'चा अखेरचा अंक निघाला, तेव्हा त्यातील छायाचित्रांची सारी पाने त्यांनी या तरुणाच्या चित्रांना दिली. ज्याने परखडपणे दोष दाखवला, त्यानेच मोकळ्या मनाने गौरवही केला.

पारख करणाऱ्याचे मत नेहमीच बरोबर असते, असे मात्र नाही. धुके हाच ज्या चित्राचा विषय, त्यात धूसरपणा शोभून दिसतो. म्हणून टीका ऐकणाऱ्याने ती डोळे मिटून स्वीकारू नये आणि रागाने झिडकारूही नये. ती करून पाहावी, आणि जे आपल्या चित्राला उपकारक ठरेल ते घ्यावे. टीका करणाऱ्यानेही ध्यानात ठेवावे की, आपण चित्राविषयी बोलत आहोत, चित्र काढणाऱ्याविषयी नव्हे.

हौशी माणूस पैशासाठी नव्हे, तर प्रेमापोटी काम करतो. त्या प्रेमाला धक्का न लावता त्याची नजर अधिक स्वच्छ करणे, हेच पारख्याचे काम होय. तेव्हा कोणी आपले चित्र विश्वासाने तुमच्या हाती दिले, तर 'छान' म्हणून ते लगेच परत करू नका. घटकाभर नीट पाहा; मग बोला.

स्वाध्याय

१. कोरडी स्तुती आणि कोरडी निंदा निरुपयोगी का असतात?
२. स्टीग्लिट्झ यांनी स्ट्रँडच्या चित्रांत कोणता दोष दाखवला? त्यावर कोणता उपाय सांगितला?
३. 'वॉल स्ट्रीट' या चित्राचे वर्णन तुमच्या शब्दांत लिहा.
४. टीका ऐकणाऱ्याने आणि टीका करणाऱ्याने कोणती पथ्ये पाळावीत?
५. वाक्यांत उपयोग करा : ध्यास घेणे, बोट ठेवणे, उत्साह मावळणे, मनावर घेणे.
६. तुमच्या मित्राने किंवा मैत्रिणीने काढलेले एक छायाचित्र पाहा. त्यातील एक गुण, एक दोष आणि तो दूर करण्याचा एक उपाय प्रत्येकी दोन वाक्यांत लिहा.